गारच उपटलेला प्रोसेसर

कंप्युटरला नवा प्रोसेसर बसवून जुना धाकट्या बहिणीच्या कंप्युटरात घालायचा होता, म्हणून मी नौबाद भागातल्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. "अण्णा, आधी जरा चालू ठेवून गरम करा, पंख्याखालची पेस्ट मऊ होईल. मग बंद करून वरचा पंखा हळू फिरवून काढा," मी चाचरत म्हणाले. कॉलेजात तसंच शिकले होते.

दुकानदार हसला. "अक्का, तुझ्या घरात कुणी कंप्युटर बघितलाय व्हय? मला कामून शिकवायलीस?"

त्यानं मुळा उपटावा तसा पंखा उपटला. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही आला; दोन पिना तुटल्या.

"मालच खराब हाय," तो निर्लज्जपणे म्हणाला. असल्या अडाण्याची मला किळस आली.

बहिणीला मात्र मी खरं सांगितलं. गारच काढू नये हे मला माहीत होतं, तरी मी त्याचा हात धरला नाही.