मालगाडी आणि मामांचा फिरता पाट

मी एकोणपन्नास वर्षांचा आहे आणि माझ्या मालकीची एक मालगाडी आहे.

गाडी प्लास्टिकच्या विटांची. एकेक वीट जोडायची, इंजिनाच्या पोटात मोटर बसवायची आणि मग मोबाइलवरून ती चालवायची, हा माझा छंद. रोह्याच्या कंपनीत माझ्या शिफ्टचे लोक मला वचकून असतात. घरी आलो की मी सोफ्याखाली पालथा पडून हरवलेला रूळ शोधतो. बायको, म्हणजे सुनंदा, मला काही बोलत नाही. पाहुण्यांना मात्र सांगते, "आतल्या खोलीत नका जाऊ, ह्यांची गाडी सुटायची वेळ झालीय."

या जगात मी एकाच माणसाला भितो. माझ्या सासऱ्यांना. त्यांना आम्ही मामा म्हणतो. पेणजवळच्या जोहे गावात त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्ती घडवायला, रंगवायला दहा हात आहेत, पण डोळे आखायचे ते फक्त मामांनी. त्या वेळी पंखा बंद, बोलणं बंद, मोबाइल बंद. शिंक आली तर बाहेर शेताच्या बांधावर जाऊन शिंकायचं. (मी एकदा आतच शिंकलो होतो. त्या गणपतीची एक भुवई वर गेली ती गेलीच. निडी गावचं गिऱ्हाईक म्हणालं, यंदा बाप्पा जरा संशयी दिसतात.) तेव्हापासून मामा माझ्याशी दोनच वाक्यं बोलतात. आल्यावर "कधी आलात?" आणि पाणी पिऊन झाल्यावर "कधी निघणार?"

यंदा सुनंदाच्या वहिनीचा फोन आला. मामांचा हात कापायला लागला होता. कुंचला उचलायचे, डोळ्यापर्यंत न्यायचे आणि परत ठेवायचे. त्यात रंगाच्या वाटीसाठी सारखी उठबस. गुडघे दुखले की हात आणखी कापायचा. मामांनी डोळे आखायचं सोडलं तर ते जेवणही सोडतील, अशी सगळ्यांना धास्ती. सुनंदा फोन ठेवून नुसती बसून राहिली.

मी मात्र उठलो. मला उपाय सुचला होता! (माझ्या घरात या वाक्याला फार भितात.)

रंगाच्या वाट्या मामांपर्यंत मालगाडी नेईल!

रविवारी सुनंदाबरोबर मी रोह्याहून पेणपर्यंत मांडीवर रेल्वे घेऊन रेल्वेने गेलो, पुढे जोह्याला एसटीने. मामा जेवायला घरात गेले होते तेवढ्यात कारखान्यात रूळ टाकले. मूर्तींच्या फळ्यांखालून निघून, मामांच्या बैठकीला वळसा घालून परत फळ्यांखाली. वहिनी दबक्या आवाजात म्हणाली, "भावोजी, मामांना विचारलंत नं?"

मी म्हटलं, त्यांना आश्चर्याचा धक्का देऊ.

तो बसलाच.

मामा आले, खाली न बघता बसले. समोर फिरत्या पाटावर दीड फुटाची मूर्ती. (हा पाट बेअरिंगवर असतो; बोट लावलं तरी फिरतो.) मूर्तीच्या कमरेला पिवळा पीतांबर, त्याच्या निऱ्या अजून घालायच्या होत्या म्हणून टोक खाली लोंबत होतं. पंखा बंद झाला. मामांनी कुंचला उचलला. हात थरथरत होता. गाडी तर मी आधीच सोडली होती. गुलाबी रंगाची वाटी घेऊन ती फळ्यांखालच्या अंधारात कुठेतरी होती.

तेवढ्यात वहिनीने मोबाइलकडे बोट दाखवलं. नियम म्हणजे नियम! मी मुकाट्याने मोबाइल बंद केला.

आणि मग मला आठवलं की गाडी थांबवायची ती मोबाइलनेच.

परत सुरू करावा तर तो आधी सनई वाजवतो. गाडी शांतपणे आली, पाटाला वळसा घातला, आणि शेवटच्या डब्याच्या आकड्यात पीतांबराचं टोक अडकलं. कापड ताणलं गेलं. मामांचा कुंचला डोळ्यापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर होता, आणि बाप्पा हळूहळू फिरायला लागले. कुंचल्यासमोर डोळ्याऐवजी कान आला. मग पाठ आली. पीतांबर सुटला आणि तो घेऊन गाडी अंधारात गेली. पाटाआडचं हे सगळं फक्त मला दिसलं.

वहिनीने हात जोडले. रंग लावणाऱ्या मावशींनी थोबाडीत मारून घेतलं. मामांनी कुंचला पाण्यात बुडवला, निथळला, आडवा ठेवला.

"देवानं तोंड फिरवलं," ते म्हणाले. "हात कापतो ते त्यालाबी कळलं. आता माझं काम नाय."

गप्प बसलो असतो तर मी वाचलो असतो. (अर्धं मिनिट बसलो होतोच.) पण सुनंदाने डोळ्याला पदर लावला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, देव नाय फिरला. मी फिरवला."

पुरावा आपल्या पायांनी आला. फळ्यांखालून मालगाडी बाहेर पडली, मागे हातभर पीतांबर फरफटत, वाटीतला रंग मात्र थेंबभरही न सांडता. मी तिच्यावर झेप घेतली. रंग सांडला तो माझ्या टकलावर.

मामांनी आधी गाडीकडे बघितलं, मग टकलाकडे, मग बराच वेळ पाटाकडे. मी मनातल्या मनात सासरवाडीचा कायमचा निरोप घेतला.

"जावयबापू," मामा म्हणाले, "परत फिरवा बघू."

गोष्ट अशी होती: मामा डाव्या हाताने पाट फिरवायचे आणि उजव्याने डोळे आखायचे. पाट दुसऱ्या कुणी फिरवला, तर डाव्या हाताने उजवं मनगट धरता येत होतं! पण पाटाला दुसऱ्याचा हात त्यांनी उभ्या जन्मात लावू दिला नव्हता. गाडी बहुतेक दुसऱ्यात मोडत नसावी. पाटाला दोरी गुंडाळली, टोक डब्याला बांधलं. मामांनी मनगट घट्ट धरलं आणि दोन्ही डोळे आखले. दोन्ही भुवया सारख्या. सुनंदा पुन्हा रडली, पण आता जरा मोठ्याने.

मी रजा घेतली. तिसऱ्या दिवशी इंजिनात मातीची धूळ गेली आणि मोटर कायमची बंद पडली. काम तर थांबवता येत नव्हतं. तेव्हापासून मामा डोळे रविवारीच आखतात आणि फळीखाली पालथा पडून दोरी मीच ओढतो. मामा आता माझ्याशी पुष्कळ बोलतात. "ओढा" म्हणतात, "बस" म्हणतात.

परवा निडीचं तेच गिऱ्हाईक मूर्ती बघायला आलं. फळीखालून बाहेर आलेले माझे पाय बघून दचकलं आणि म्हणालं, "हे काय हाय?"

मामांनी मूर्तीच्या डोळ्यावरची नजर काढली नाही.

"मोटर हाय," ते म्हणाले. "शिंकते अधूनमधून."