ब्रेकवरचा पाय

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. म्हणजे चालवतात ते, मी शेजारी बसून घाबरतो. शिकवणीच्या गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक असतो. तो जन्मभर दाबून माझ्या उजव्या पायाला अशी खोड लागली आहे की समोर वळण दिसलं की तो आपोआप खाली आपटतो. सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही आपटतो. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर येऊन म्हणाल्या, "मास्तर, काही फोडताय का?" मी त्यांना ब्रेकचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

चिमटी ही आमची कुत्री. आमची म्हणजे बायकोची. पाय आखूड, एक कान उभा, दुसरा आडवा, जात कोणती ते देवाला ठाऊक. बायको तिला घेऊन कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरायची. मोठ्या हॉलमध्ये हिरवा गालिचा अंथरतात आणि त्यावर उडीचे दांडे, कापडी बोगदा, उभ्या खांबांची रांग आणि बागेत मुलांसाठी असतो तसा सीसॉ मांडतात. कुत्र्यानं हे सगळं ठरलेल्या क्रमानं पार करायचं आणि माणसानं बरोबर पळत हातानं, तोंडानं वाट दाखवायची. मी पहिल्या रांगेत बसायचो आणि घरी जाताना तिचं काय काय चुकलं ते तिला सांगायचो. उंटावरून शेळ्या हाकणं हा माझा धंदाच आहे.

मग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, छान झालंय, आता पायावर भार द्या. ती काही देईना. पाय टेकला की गुडघा सटकणार, ही भीती तिच्या मनात घट्ट बसली होती. कुबडी घेऊन, तो पाय अधांतरी धरून ती खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत जायची आणि चिमटीला मांडीवर घेऊन दिवस काढायची. दोघींची वजनं वाढू लागली. हे मी बोलून दाखवलं, त्या दिवशी माझं जेवण मीच वाढून घेतलं.

शेवटी मी फुशारकी मारली. "मी पळवतो चिमटीला. त्यात एवढं काय आहे?"

बायकोनं माझ्या पोटाकडे बराच वेळ बघितलं. "बघा हं. एकदाच. बाद झालात तर विषय कायमचा बंद. मग मला त्या हॉलमध्ये चल म्हणायचं नाही."

शर्यतीचं मला काडीचंही कौतुक नव्हतं. पण तो हॉल सोडला तर ती दुसऱ्या कशासाठीही खुर्चीतून उठायला तयार नव्हती. विषय बंद झाला तर ही उरलेलं आयुष्य खिडकीतच काढेल, याची मला खरोखर धास्ती वाटत होती.

शिकवणीच्या गाड्या वळवतो त्या पटांगणात सराव सुरू झाला. बायको गाडीत, काच खाली. पहिला दांडा समोर आला आणि चिमटी जागच्या जागी थांबली. दुसऱ्यालाही तेच. मी म्हटलं, हिची तब्येत बरी नसावी.

"अहो, तुम्ही पाय आपटताय," गाडीतून आवाज आला.

"छे! काहीतरीच."

"तिला कळतंय, तुम्हाला कळत नाहीये."

खरंच होतं. माझा पाय आपटला की ती थांबायची. फक्त सीसॉवर मात्र माझा हा रोग कामाला आला. चिमटी हलकी, त्यामुळे तिच्या वजनानं फळी खाली यायला वेळ लागतो, आणि फळी जमिनीला टेकण्याआधी उडी मारली की चूक धरतात. बायकोबरोबर पळताना ती नेहमी घाई करायची. माझ्या आपटण्यानं ती फळीच्या टोकाला गप उभी राहायला शिकली.

"सबंध फेरीत एकच ब्रेक," बायकोनं बजावलं. "सीसॉवर. एरवी पाय ताब्यात ठेवा."

पाय ताब्यात कसा ठेवायचा हे शिकवूनच मी पोट भरतो. मला त्यात काही अवघड वाटलं नाही.

शर्यतीच्या दिवशी मी नवा ट्रॅकसूट घातला. दारावरची मुलगी म्हणाली, "काका, प्रेक्षक तिकडे." मी छातीवरचा नंबर दाखवला, तेव्हा तिनं पाण्याची बाटली जवळ ठेवायला सांगितलं. बायको पहिल्या रांगेत, लाकडी फळ्यांच्या मंचावर बसली होती. बाहेरून कुणी खूण केली किंवा आवाज दिला तर फेरी बाद होते. हा नियम तिनंच मला पूर्वी डोळे वटारून शिकवला होता, म्हणून ती तोंडावर हात ठेवून बसली होती.

शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो. उजवा पाय आपटू नये म्हणून मी तो उंच उचलून पळत होतो. दिसायला ते भयंकर असणार, कारण लोक हसत होते. पण चिमटी थांबली नाही. दांडे झाले, बोगदा झाला, खांबही झाले. मी मनात एकच घोकत होतो, आपटायचा नाही, आपटायचा नाही. सीसॉ आला तरी मी तेच घोकत होतो.

फळी अजून हवेत होती. चिमटीनं उडीसाठी अंग आकसून घेतलं, आणि धाडकन आवाज झाला.

चिमटी थबकली. फळी अलगद टेकली. मी माझ्या पायाकडे बघितलं, तर तो निमूट गालिच्यावर होता. तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजली. त्यांचं बोट पहिल्या रांगेकडे होतं.

"बाहेरून मदत. फेरी बाद."

बायको उभी होती. कुबडी मंचाखाली पडली होती.

मी चिमटीला काखेत मारून तिच्याकडे गेलो. दुसऱ्याची चूक समोर असून ती सांगायचं मी विसरलो, असं आयुष्यात प्रथमच झालं.

"असे काय बघताय?" ती लाल होऊन म्हणाली. "तुम्ही मारायला हवा होता ना ब्रेक? तुम्ही मारला नाहीत, म्हणून मला मारावा लागला!"

"मग... विषय बंद?"

"बंद कसा? बाद माझ्यामुळे झालं. तुमची फेरी धरायचीच नाही. पुढच्या महिन्यात परत यायचं. आणि ते बेडकासारखं पळणं आधी बंद करा, मेली लाज वाटत होती मला."

ती हात नाचवत भांडत होती, दोन्ही पाय मंचाच्या फळ्यांवर टेकून. मी हळूच विचारलं, "पाय दुखला का गं?"

"कुठला?" ती म्हणाली.