म्हाळसाबाईची राखण

माझ्या दुकानासमोर फटफटी थांबवून चहा पिणारी शहरातली पोरं मला नेहमी एकच विचारायची, "काका, ती म्हातारी कमरेला मेंढा बांधून का फिरते? डोक्यावर परिणाम झालाय का?" मी म्हणायचो, "तुमच्यापेक्षा कमी." पोरं हसायची, लांबूनच तिचा फोटो काढायची आणि निघून जायची. मी मात्र त्यानंतर बराच वेळ गिऱ्हाइकांवर खेकसत राहायचो. कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसतो म्हणून माणूस शांत स्वभावाचा असतोच असं नाही. आज एकदा सगळं सांगून टाकतो.

आमचं गाव सोलापूरहून बार्शीच्या अंगाला. गावामागं उघडा माळ. वीतभर माती, खाली मुरूम. झाड म्हणाल तर हिवर, बोर, एखादी बाभूळ. बाकी सगळं गवताचं राज्य. माझ्या लहानपणी या गवतात माळढोक चालताना दिसायचा. पुढं गवतच राहिलं नाही. गावची मेंढरं, परगावची मेंढरं, त्यात मुरूम उपसून नेणारे डंपर. पावसानं कोंब वर काढला की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पोटात.

माळाच्या कडेला धनगरांची बारा घरांची वस्ती आहे. जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी विधवा किंवा थकलेलं माणूस, निराधारांच्या सरकारी पगारावर टेकलेलं. तो पगार म्हणजे औषध आणलं तर चहापत्ती नाही, अशातली गत. सोलापुरात सात रस्त्याजवळ कचेरी असलेल्या एका संस्थेनं सरकारी खात्याला सोबत घेऊन इथं एक योजना आणली. या घरांना दरमहा वरची मदत द्यायची. बदल्यात त्यांनी माळाचा एक तुकडा पाळीपाळीनं राखायचा. पावसाळ्यापासून गवताचं बी झडेपर्यंत त्यात जनावर जाता कामा नये. मग गवत कापून वस्तीनंच वाटून घ्यायचं. पहिल्या वेळी ताकीद; पण त्यानंतर वस्तीतल्या एकाचं जरी जनावर आत सापडलं, तर बाराही घरांची मदत त्या हंगामापुरती बंद.

हे सांगायला स्कूटीवरून भुवनेश्वरी यायची. तरुण मुलगी, पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलणारी आणि नियमाला सुईच्या टोकाइतकीही न हलणारी. मी तिच्या तोंडावर म्हणालो होतो, "गवत राखायला पैसे? उद्या ऊन राखायलाही द्याल." दोन पावसाळ्यांत कुसळी, पवना असलं माळाचं गवत गुडघ्यापर्यंत आलं. पहाटे तितर ओरडू लागले, खोकड परत दिसलं आणि उन्हाळ्यात वस्तीतल्या मेंढरांना घरचा चारा मिळाला. मी माझे शब्द गिळले. गिळताना त्रास झाला, पण गिळले.

या राखणीचा कणा म्हणजे म्हाळसाबाई. वाळकी, उंच, आवाजाला खणखणीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा कुमार, सून आणि सोनम नावाची नात एवढं तिचं घर. शेजारच्या खोपटात तिचा दीर गुंडा. साखरेच्या आजारानं त्याचे डोळे पार गेले होते. त्याला राखण कशी जमणार? म्हणून म्हाळसाबाई स्वतःच्या पाळीला उभी राहायची आणि त्याच्याही पाळीला. त्या मदतीवर गुंडाच्या सुया-गोळ्या चालायच्या. ती बंद पडली तर गुंडा किती तग धरेल हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच.

तिसऱ्या वर्षी मृगाच्या आधी सोनमला डेंग्यूनं गाठलं. सोलापूरच्या दवाखान्यात पोर निपचित पडली. म्हाळसाबाईनं बाहेरच्या पायरीवर बसून बिरोबाला नवस बोलला: पोर उठू दे, कळपातला सगळ्यात देखणा मेंढा तुझ्या नावानं सोडते. पोर उठली. म्हातारीनं शब्द पाळला. मेंढ्याच्या कानाला खूण केली, कपाळावर भंडारा उधळला आणि त्याला मोकळा सोडला.

देवाला सोडलेल्या मेंढ्याची या वस्तीत रीत अशी, की त्याला खुंट्याला बांधायचं नाही, त्याच्यावर काठी उगारायची नाही, त्याला हाकलायचं नाही. तो शेतात शिरला तरी शेतकरी हात जोडतो. नवस बोलताना म्हाळसाबाईच्या मनात फक्त पोर होती. हा मोकळा मेंढा उद्या कुठं जाईल, याचा विचार तिला शिवलाही नाही.

तो कुठं जाणार? जिथं गवत आहे तिथं. आषाढात एका सकाळी, तिच्याच राखणीत, तो चुना लावलेल्या हद्दीच्या दगडांवरून आत गेला आणि त्याच्या मागं चार मेंढरं. मेंढरं तिनं हाकलली. मेंढ्यासमोर मात्र ती नुसती हात जोडून उभी राहिली. नेमकी त्याच वेळी भुवनेश्वरीची स्कूटी आली.

"मावशी, ह्या वेळेला ताकीद देते," भुवनेश्वरी म्हणाली. "पुन्हा दिसलं तर मला मदत थांबवावी लागेल. बांधून का ठेवत नाही तुम्ही त्याला?"

म्हाळसाबाई म्हणाली, "ताई, पोरगी दिलीया त्यानं मला. त्येच्या जनावराला कसं बांदू?"

त्या संध्याकाळी वस्ती बिरोबाच्या देवळापुढं बसली. मीही गेलो होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरात चैन पडेना. कुमार म्हणाला, "आये, लांब सोडून येतो त्येला." कुणीतरी म्हणालं, परत येतोय की. मग गुंडा बोलला. "वैनी, देवाला दिल्यालं बांदायचं न्हाय. पोरीवर बला आली तर? माजं काय, लई दिस बगितलं. माज्यासाटी नवस मोडू नगा." म्हाळसाबाईनं पदर तोंडात घातला. एकीकडं नात, दुसरीकडं दीर, आणि दोन्ही तिच्याच गळ्यात. मला त्या क्षणी देवाचाही राग आला आणि योजनेचाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तर समोरून म्हातारी येताना दिसली. कमरेला सुताची दोरी, दोरीचं दुसरं टोक मेंढ्याच्या गळ्यात.

"म्हाळसाबाई, हे काय? बांधायचा नव्हता ना?"

"खुट्याला बांदायचा न्हाय, आप्पा. मी काय खुटा हाय व्हय?" ती म्हणाली. "त्यानं कुटं बी जावं, मी त्येच्या मागं. मी त्येला अडवत न्हाय. आता म्हातारं माणूस दमलं तर खाली बसनारच की."

आणि खरंच, मेंढा नेईल तिकडं ती जायची. काटेरी झुडपातून, दगडातून, दुपारच्या उन्हातून. फक्त चुन्याच्या दगडांजवळ आली, की दमायची. मटकन खाली बसायची. मेंढा ओढ ओढ ओढायचा, शेवटी कंटाळून दुसरी वाट धरायचा. मग तीही उठायची. दोरीनं तिच्या कमरेची सालटी निघाली. सून रोज खोबरेल लावायची. दुसऱ्या कुणाला ती दोरी देईना. नवस तिचा होता. श्रावण गेला, भादवा गेला. आत गवत वाढत होतं, गुंडाच्या सुया चालू होत्या, सोनम शाळेत जात होती. मी मनातल्या मनात म्हणायचो, आता बी झडलं की सुटली बाई.

दिवाळी तोंडावर आली होती. भुवनेश्वरी हंगामाची शेवटची फेरी करायला आली आणि माझ्याकडं चहा घेत होती. माळाकडच्या रस्त्यावर एका डंपरनं कर्कश हॉर्न मारला, पाठोपाठ वस्तीतून ओरडा आला. आम्ही दोघं धावलो.

मेंढा बुजून उधळला होता आणि त्यानं म्हातारीला दगडधोंड्यांतून फरफटत नेलं होतं. ती पालथी पडली होती. डोक्यातून रक्त येत होतं. दोन्ही हातांनी तिनं हद्दीचा दगड कवटाळलेला होता, गालाला चुना लागला होता. दोरी ताणलेली. आणि दोरीच्या पलीकडच्या टोकाला, दगडांच्या आत, मेंढा उभा राहून गवत खात होता.

तिला मागं वळून बघता येत नव्हतं. तिनं विचारलं, "ताई हाय का? ताई, आत गेला का ओ त्यो?"

मी भुवनेश्वरीकडं पाहिलं. ही मुलगी खोटं बोलणार नाही, हे मला माहीत होतं. ती मेंढ्यापाशी गेली. त्याच्या तोंडातल्या पवन्याच्या काड्या तिनं हातानं काढल्या, आपल्या ओढणीनं त्याचं तोंड पुसलं. मग परत येऊन म्हातारीजवळ गुडघ्यांवर बसली आणि आमच्याच बोलीत म्हणाली, "न्हाय, मावशी. भायेरच हाय."

"मग सोडा आता," म्हाळसाबाई म्हणाली. कमरेची गाठ माझ्या हातानं सुटेना, इतकी ती घट्ट बसली होती. मी रडत होतो. भुवनेश्वरीनं ती सोडवली.

सोलापूरच्या वाटेवरच, जीपमध्ये, कुमारच्या मांडीवर म्हाळसाबाई गेली.

त्या हंगामाची मदत बाराही घरांना मिळाली. मेंढ्याबद्दल भुवनेश्वरीनं कुणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय.

पुढच्या आषाढात पहिला कोंब आला, तेव्हा वस्ती पुन्हा देवळापुढं बसली. मेंढा मोकळाच होता. त्याच्या मागं आता कोण जाणार, हाच प्रश्न होता. तेवढ्यात गुंडा चाचपडत उठला आणि म्हणाला, "वैनीची दोरी कुटं हाय? द्या हिकडं."

"चुलत्या, तुमास्नी दिसत न्हाय," कुमार म्हणाला.

"त्येला दिसतंय की," गुंडा म्हणाला. "दगडापाशी आलो की सांगा मला, वरडून. मी बसतो खाली. बसायला डोळं कशाला लागत्यात?"