भरून ठेवलेली हलगी

आमच्या 'निवडुंग' बँडमध्ये आठ वर्षांत अकरा माणसं आली नि गेली. भिंगारला परवेझच्या शिलाईच्या दुकानावर आमची खोली. तिथं परवेझ गिटार वाजवायचा, मी गायचे, एवढे दोघेच कायम. जात्यावरची जुनी गाणी आम्ही इतकी ताणायचो, घुमवायचो की लोक म्हणायचे, ही पोरं भांग पितात. आम्ही चहाच्या पुढे गेलो नाही, पण सांगणार कुणाकुणाला.

अंगद पाथर्डीकडचा, हलगीवाला. दर दसऱ्यानंतर बायकोला, लंकाबाईला घेऊन ऊसतोडीला जायचा, उन्हाळ्यात परत यायचा. आमचे कार्यक्रम मात्र सगळे हिवाळ्यात. म्हणून जाण्याआधी त्याची हलगी मशीनमध्ये भरून घ्यायचो आणि स्टेजवर मी बटण दाबायचे. भरतानाही त्याचं मध्येच, "थांब ताई, गार पडली." मग गच्चीवर रद्दी पेटवून हलगी शेकत बसायचा. कातडं तापल्याशिवाय बोलत न्हाई, म्हणायचा. मला वैताग यायचा.

यंदा दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी हा खोलीत हजर.

"मुकादमाला न्हाई म्हनून सांगितलं. टोळी गेली काल. यंदा तुमच्यासंगंच वाजवनार. लंका बी व्हय म्हनली."

परवेझनं माझ्याकडे पाहिलं, मी खाली. हा जाणारच, हे इतकं धरून चाललो होतो की त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पोस्टर छापून झालं होतं. गाडीतली उरलेली एक जागा नव्या बासरीवाल्याला गेली होती.

"यंदाचं सगळं बसलंय रे," परवेझ म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू." आणि त्याला त्याचीच हलगी ऐकवली.

अंगदनं मान हलवत ऐकलं. "बरा वाजवतोय की ह्यो." हलगी पिशवीत घातली. "येतो मंग, ताई."

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, इथं तर गरजही सरली नव्हती. मी त्याच्यामागं जिना उतरायला हवं होतं. मी चहा संपवला. लाज वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही.

त्या भरलेल्या हलगीच्या शेवटी त्याचा आवाज आहे. तो यायच्या आत मी मशीन बंद करते. पुण्याच्या कार्यक्रमात बोट हललंच नाही. भरल्या सभागृहात अंगद म्हणाला, "थांब ताई, गार पडली."

लोकांना तो गाण्यातलाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पुढचं गाणं सुरू केलं.