सुधारित कीबोर्ड

“भाऊ, हे मशीन जुन्यासारखं करून द्या ना,” सुशीलाबाई म्हणाल्या. मशीन कोरं होतं, त्याला अजून तेलाचा वास येत होता.

“काहून, काय झालं?”

“माहे बोटं जुन्याच जागी जाऊन राहिले. टाइप करते एक, उमटते दुसरंच.”

मी टाइपरायटर कंपनीचा मेकॅनिक. वर्कशॉप सीताबर्डीत, पण दिवस जायचा सरकारी ऑफिसांत. ही गोष्ट सत्तरच्या आसपासची. मराठी मशीनचा कीबोर्ड वरून बदलून आला होता. निम्मी अक्षरं हलवलेली, आणि नाव काय तर ‘सुधारित’! टायपिस्ट कीकडे बघत नाही, तिची नजर मजकुरावर असते. अक्षर कुठे आहे ते फक्त बोटांना माहीत. सुशीलाबाईंच्या बोटांना ते इतकं माहीत होतं की ऑफिसात त्यांच्याइतका स्पीड कोणाचाच नव्हता. तरी त्या टेंपररीच. पर्मनंट व्हायला स्पीडची परीक्षा पास व्हायची होती आणि ती तोंडावर आली होती. नवऱ्याची मिलमधली नोकरी सुटलेली. घर याच पगारावर.

मी मशीन उघडलं. टाइप-बारवरची, म्हणजे कागदावर आपटणाऱ्या दांड्यांवरची, अक्षरं झाळून बसवलेली असतात, ती मी बदलू शकत होतो. पण डेड कीचं काय? डेड की म्हणजे दाबली तरी कागद पुढे सरकत नाही अशी की. मात्रा तिच्यावरच असतात. तिची जागा सांगाड्यातच पक्की. अक्षरं जुनी आणि मात्रा नव्या, असलं धेडगुजरी मशीन देऊन मी काय साधणार होतो?

त्यांच्या ऑफिसच्या साहेबांकडे गेलो. “साहेब, परीक्षेपर्यंत बाईंना एक जुनं मशीन ठेवा.”

“जुनी सगळी जमा केली. आणि परीक्षा नव्यावरच होणार. परिपत्रक आहे. त्यांना म्हणावं, जुनं विसरा.” साहेबांनी जन्मात एक ओळ टाइप केली नव्हती.

बाई खरंच विसरायला बसल्या. घरी जाताना कोराडीच्या बसमध्ये मांडीवरच्या डब्यावर त्यांची बोटं चालू असायची. सुरुवातीला चुकांनी रडकुंडीला यायच्या. त्यांनी टाइप केलेली पत्रं साहेबांकडून परत यायची, लाल खुणांनी भरलेली. मग हळूहळू हात बसला. एक दिवस त्या म्हणाल्या, “जमून राहिलं, भाऊ.” मला फार बरं वाटलं.

परीक्षेच्या हॉलमध्ये मशीन अडकलं तर सोडवायला माझी ड्युटी होती. मशीनं परीक्षा केंद्राची. मी कव्हरं काढली. सगळी जुनी. नवी मशीनं त्या केंद्राला मिळालीच नव्हती.

सुपरवायझरना सांगितलं. ते म्हणाले, “मग काय झालं? इतकी वर्षं यावरच टाइप करत होते ना सगळे?”

सुशीलाबाईंनी कीबोर्डवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

“भाऊ, आता जुने बोटं कुठून आणू जी?”

माझ्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर होता, तेल होतं. घंटा झाली. इतरांच्या ऑफिसांत अजून जुनीच मशीनं होती, त्यांची खडखड सुरू झाली. बाई एकेक की शोधत होत्या, शिकाऊ पोरीसारख्या.

त्या नापास झाल्या. पुढच्या कपातीत टेंपररी लोक आधी काढले, त्यात त्याही गेल्या. मी त्यांच्यासाठी काहीही करू शकलो नाही.

तेव्हापासून कोणी ‘सुधारित’ म्हणून काही दाखवलं की मी त्याचे गुण ऐकत बसत नाही. एवढंच विचारतो, परीक्षा कशावर घेणार?