मुळांवरचा आरोप

खिडकीच्या उजेडात धरलेल्या एक्स-रेवर नातीच्या दातांची मुळे झिजलेल्या खडूंसारखी आखूड दिसत होती. "चोरून कडक चिक्की खाल्ली असणार, म्हणून मुळे झिजली," असा ठपका दातांना तार लावणाऱ्या डॉक्टरांनी मागेच ठेवला होता. पुराव्याविना आरोप! घरात थायरॉईडचा आजार आहे, आधी रक्त तपासा, असे मी त्यांना संतापून लेखी कळवले.

आज अहवालात थायरॉईडची कमतरता निघाली. "आजोबा, तुमची शंका खरी ठरली. आधी औषध, तार आवळणे नंतर," डॉक्टर म्हणाले.

गळ्यातली ग्रंथी बिघडली तर हिरडीखालचे मूळही झिजू शकते. आपण मात्र समोर दिसणाऱ्या तोंडालाच दोषी ठरवतो.

"आबा, मग मी सुटले?"

"निर्दोष!" मी गरजलो. ती तारांसकट सगळे दात दाखवून हसली.