गोठ्यातला कप

"अरी, आ गई? संडास साफ किया क्या?"

राईस मिलवाल्याचा पोरगा सगळ्यांसमोर मला म्हणाला. बाकीचे फिदीफिदी हसले.

गोंदियात दर रविवारी आमचा नाटकाचा क्लास भरायचा. त्यात पाठांतर नसतं. एक जण पहिलं वाक्य बोलतो, समोरचा कोण हे त्यातच ठरवतो. समोरच्यानं ते मान्य करून खेळ पुढे न्यायचा. नाही म्हणायचं नाही, हा नियम.

मी जवळच्या कामठा गावची, बौद्ध घरातली. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. गिऱ्हाइकाशी बोलताना अडखळायचे. शहरात एक मैत्रीण नव्हती. क्लासला भीड चेपते, ओळखी होतात, असं ऐकलं म्हणून गेले.

पहिल्याच दिवशी त्या मिलवाल्याच्या पोरानं विचारलं, "पूरा नाम बताओ ना." मी आडनावासकट सांगितलं. गावही सांगितलं. त्यांची शेती आमच्याच गावात. तेव्हापासून खेळात मी कधी मोलकरीण, कधी झाडूवाली. डॉक्टरीण, नवरी, वकील दुसऱ्या पोरी. मी वाकून खोटा झाडू मारत राहिले. आतून जळत राहिले.

सरांना सांगितलं. म्हणाले, "गंमत आहे गं. मनाला कशाला लावून घेतेस?"

आई फोनवर म्हणाली, "काऊन जातेस मंग त्यायच्यात? सोडून दे."

नाही सोडलं.

पालक बघायला आले त्या रविवारी पहिलं वाक्य माझं होतं. समोर तो. त्याचा बाप पहिल्या रांगेत. मी बोलले, आमच्या बोलीत, खणखणीत.

"आलास? रोवणीले माही आजी तुमच्या धानाच्या बांदीत राबे. तिच्या चहाचा कप तुमी गोठ्यात ठेवत होते. तो धुवाले आलास ना? घे. धू."

मी रिकामा हात पुढे केला.

त्याचा चेहरा पडला. बापाकडे बघून म्हणाला, "नहीं. मैं नहीं करूँगा."

"नाही म्हणाचं नाही ना, सर?" मी विचारलं.

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "बस, थांबा." बाप पोराला घेऊन निघून गेला. पोरी माझ्यापासून लांब सरकल्या. मैत्री राहिली बाजूला.

नको मला ती. आजी तो कप स्वतः धुवून परत गोठ्यात ठेवायची, हे मी विसरणार नाही. येत्या रविवारी जाणार. त्याच्या पुढच्याही. तो समोर आला की हात पुढे करणार. कप त्याच्या हातून धुवून घेईपर्यंत हात खाली घेणार नाही.